तपकिरी कलम

४ मार्च

बोलायला बंदी. आजपासून. कुजबुजायलासुद्धा. म्हणून हे लिहिते आहे — दुसरं कारण नाही.

रोजनिशी लिहिणाऱ्या बायका मला कधी पटल्या नाहीत. वसतिगृहात मुलींच्या गाद्यांखाली असल्या वह्या सापडायच्या. मी न वाचता जागच्या जागी ठेवत असे आणि मनात म्हणत असे, त्यापेक्षा चादर बदल बाई. आता माझीच पाळी!

काल घशात दुर्बीण घालून आवाजाच्या पट्टीवरचा एक तुकडा काढला. तो तपासायला गेला आहे. घशाची डॉक्टरीण वयाने माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढी, पण बोलते खणखणीत. "खाकरायचं नाही. कुजबुज तर मुळीच नाही, ती बोलण्यापेक्षा वाईट." मग विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी मान हलवली. कोणी नाही. "मग एवढं बोलता कुणाशी?"

पाटीवर लिहिलं: पोवळ्यांशी.

तिने पाटी दोनदा वाचली. मग माझ्या फाइलकडे बघितलं. डोक्याच्या डॉक्टरकडेही पाठवावं का, असा विचार केला असणार.

५ मार्च

सकाळी टाकीपुढे उभी राहिले, सवयीने तोंड उघडलं. मिटलं.

माझं बोलणं म्हणजे काय, तर हजेरी. वसतिगृहात घ्यायचे तशी. टाकी भिंतीला लागून, जवळजवळ भिंतीएवढीच. खारं पाणी, वर निळसर दिवे, आत दगडी पोवळी. प्रत्येकीला खोली नंबर. दुकानदार मंडळी त्यांना काहीबाही नावं ठेवतात — 'ज्वालामुखी', 'राजकन्येचं स्वप्न'! मला उच्चारायची लाज वाटते. नंबर बरे. "तीन नंबर, अंग का चोरलंय?" "नऊ नंबर, हातपाय आवरा, शेजारच्या खोलीत जायचं नाही." कारण ही जमात दिसते फुलासारखी, पण शेजारीण टेकली की डंख मारते. जिथे स्पर्श झाला तिथे दोघींचं मांस मरतं, खालचा पांढरा दगड उघडा पडतो. म्हणून दोघींच्या मध्ये वीतभर जागा. हा माझा नियम. आजवर मोडलेला नाही.

आज हजेरी मनातल्या मनात घेतली. सगळ्या हजर. माझ्या गप्प राहण्याचा कुणावर काही परिणाम झालेला दिसला नाही.

७ मार्च

दूधवाला, इस्त्रीवाला, खालचा पहारेकरी — मी बोलत नाही हे अजून कुणालाच कळलेलं नाही. मान हलवून भागतं. म्हणजे आधीही तेवढंच बोलत होते.

१० मार्च, रविवार

धाकट्या भावाचा फोन. रविवारी करतो, नेमाने. "ताई, मी बोलतो, तू नुसती टकटक कर. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही."

बरी आहेस? टक. वेळेवर जेवतेस? टक. घसा दुखतो? टकटक. (खोटं.) मागून वहिनीचा आवाज, "वन्संना म्हणावं, विका ते डबकं आणि या इकडे राहायला." डबकं! मी इतक्या जोरात दोनदा टकटक केलं की तो म्हणाला, "अगं, कान फुटला!"

मग हळू आवाजात विचारलं, "एकटं वाटतं का गं?"

बोट उचललं. एक की दोन, ते ठरेना. बोट तसंच वर. तो "हॅलो, हॅलो" करत राहिला. "लाइन गेली वाटतं," म्हणाला, आणि ठेवला.

१३ मार्च

मीठ संपलं म्हणून दुकानात गेले. दुकानदाराचं नाव मी मनात खारटराव ठेवलं आहे — समुद्री मिठाची पोती उपसून हात कायम पांढरे. पाटी दाखवली: घसा. बोलायचं नाही. त्याबरोबर ते मोठमोठ्याने बोलायला लागले, जणू मी बहिरी झाले आहे! सगळे तेच करतात.

कोपऱ्यातल्या बादलीत एक पोवळं पडलेलं दिसलं. अंगठ्याएवढं, बुटकं, गाठीगाठीचं, मातकट तपकिरी. बादलीत पंप नाही, दिवा नाही.

"ते होय? कुणाची तरी जुनी टाकी काढली, त्यात आलंय. तपकिरी आहे हो मॅडम, कोणी ढुंकून बघत नाही. न्या तुम्ही, असंच न्या."

पाटीवर लिहिलं: नाव?

"नाव काय असणार? तपकिरी!"

बिननावाची मुलगी मी वसतिगृहात घेतली नसती. पण तिला बादलीत तरी कसं ठेवायचं? आणलं. औषधाच्या पाण्यात बुचकळून सिकरूममध्ये ठेवलं. सिकरूम म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्यावरची छोटी टाकी. नवीन आलेली सगळी आधी तिथे, मग मोठ्या टाकीत. मुलींनाही हाच नियम होता.

१४ मार्च

भिंग लावून बसले. दुपार गेली. बरं वाटलं — डोळ्यांना काम असलं की घशाची आठवण होत नाही.

कॉलेजात आम्हाला पोवळी शिकवली ती सांगाड्यांवरून. लाकडी खण, कापसावर ठेवलेले पांढरे दगड, शेजारी चिठ्ठी. दगडातल्या इवल्या जिवाच्या घराचा आकार बघायचा, आतल्या पडद्या मोजायच्या, नाव सांगायचं. 'ओळखा आणि कारणे द्या.' मला पैकीच्या पैकी मिळायचे. जिवंत पोवळं पहिल्यांदा पाहिलं ते नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, आणि एकही ओळखता आलं नाही! अंगावर मांस असलं की घरं झाकली जातात. शंभर टक्के ओळख हवी असेल तर अजूनही तोच उपाय — तुकडा तोडा, मांस धुऊन काढा, सांगाडा बघा. नाव कळतं. पण कळतं ते मेलेल्याचं.

आजचा अंदाज: स्टायलोफोरा.

१६ मार्च

स्टायलोफोरा नाही. खोडलं.

१९ मार्च

पॉसिलोपोरा म्हणावं तर अंगावर मस्से हवेत, ते नाहीत. हेही खोडलं. परीक्षेत नापास झाले असते.

मात्र आज एक सापडलं. प्रत्येक गाठीच्या अगदी टोकाला एक घर बाकीच्यांपेक्षा मोठं आहे, नळीसारखं उभं. हे एका कुळाचं लक्षण — ॲक्रोपोरा. माझ्या सात नंबरचं कुळ. पण सात नंबर कुठे आणि ही कुठे! सात गुलाबी, लांबसडक, बारीक फांद्यांची, पाण्याच्या झोतात डोलणारी. ही म्हणजे कुणीतरी डोक्यावर थापट मारून खाली बसवलेली.

आनंद झाला. सांगायला तोंड उघडलं. घरात कोण होतं? ओट्यावरचा चहाचा कप. एकच.

२२ मार्च

प्रकाश आणि झोत बदलला की एकाच जातीची रूपं बदलतात, हे पुस्तकात वाचलं आहे. तेव्हा दोन्ही एकाच दिव्याखाली ठेवून बघावीत. म्हणून आज सात नंबरची एक फांदी तोडली. तिला कात्री लावायची ही आयुष्यातली दुसरीच वेळ. कुटकन आवाज झाला. मी टाकीला उगीचच "झालं, झालं" म्हणाले — ओठांनी, आवाज न करता.

कलम सिकरूममध्ये नेलं. तपकिरीच्या शेजारी ठेवत होते, तेवढ्यात फोन.

"इस्पितळातून बोलतेय. रिपोर्ट आला आहे. उद्या सकाळी या. सोबत कुणालातरी आणा."

मी एकदा टकटक केलं.

"हॅलो? ऐकलंत ना? सोबत कुणालातरी आणा हं."

२३ मार्च

एकटीच गेले. डॉक्टरीणबाईंनी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

तुकड्याला नाव मिळालं. ते मी इथे लिहिणार नाही.

आवाजाची पेटी पूर्ण काढायची. गळ्याला भोक, तिथून श्वास. जेवता येईल, चालता येईल, "आणि पुढे बरीच वर्षं मिळतील, वेळेत सापडलंय." आवाज नाही.

ती बोलत होती, मी तिच्या टेबलावरचा कागद सरळ करत होते. शेवटी पाटीवर एकच लिहिलं: टाकीत कोपरापर्यंत हात घालून, वाकून काम करते. ते चालेल?

"भोकात पाणी गेलं तर थेट फुप्फुसात जाईल. बरेच महिने तर अजिबात नाही. कुणी दुसरं आहे का करायला?"

हा प्रश्न आता मला पाठ झाला आहे.

२४ मार्च, रविवार

भावाला पत्राने कळवायचं ठरवलं होतं, पण इस्पितळाने त्यालाच फोन केला. फाइलवर नाव त्याचं. तो रडला. मला टकटक करायला लावलं नाही. मग वहिनीने फोन घेतला आणि कामाचं बोलली, ते मला आवडलं: "वन्सं, आम्ही येतो ऑपरेशनला. नंतर तुम्ही इकडेच. टाकीचं काय ते आत्ताच बघा. मागाहून कोण निस्तरणार?"

बरोबर आहे तिचं. पंधरा दिवस पाणी बघितलं नाही तर सगळा बाजार उठेल. आधी रंग जातो, मग मांस, मग उरतात कॉलेजच्या खणातले पांढरे दगड.

२५ मार्च

टाकीसमोरून गेले. थांबले नाही.

२८ मार्च

ठरलं. सगळी खारटरावांना द्यायची. बादल्या धुतल्या. सुरुवात छोट्या टाकीपासून करावी म्हणून सिकरूमपुढे गेले. शुक्रवारपासून तिकडे बघितलंच नव्हतं — दाणापाणी यंत्रावर चालतं, तेवढंच काय ते चाललं.

आणि बघते तर काय, फोनच्या गडबडीत माझ्या हातून कलम नीट ठेवलंच गेलं नव्हतं. ते कलंडून तपकिरीवर टेकलं होतं. सहा दिवस! माझ्या घरात! वीतभर जागेचा नियम माझ्याच हातून मोडला.

भिंग आणलं. दोघींमधली पांढरी, मेलेली रेघ कुठून कुठे गेली आहे ते बघायला.

रेघ नाही.

पुन्हा बघितलं. चष्मा पुसून बघितलं. गुलाबी मांस तपकिरीवर चढलं आहे, तपकिरी गुलाबीवर, आणि मधोमध कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते सांगता येत नाही. डाळीच्या पिठात पाणी मुरावं तसं. एकजीव!

स्टुलावर बसले.

पोवळी अशी कुणाशीही जुळत नाहीत. एका कुळाची नाहीत, एका जातीचीसुद्धा नाहीत. सख्ख्या बहिणी डंख मारतात. जुळतात ती फक्त स्वतःशी — म्हणजे एकाच पोवळ्याची दोन कलमं असली तर. शरीर आपलं शरीर ओळखतं. त्याला सांगाडा लागत नाही, भिंग लागत नाही, मी लागत नाही.

म्हणजे तपकिरी ही सात नंबरच आहे. तिचीच तोडलेली फांदी.

आणि सात नंबर दुकानातली नव्हे. एका दगडावर चिकटून आपोआप आली, टाचणीच्या डोक्याएवढी, मी वाढवली. तिचं कलम मी कधी विकलं नाही. मुली विकत नाहीत. दिलं ते एकदाच, एकीलाच.

विरोधी पक्षाला.

२९ मार्च

नीट लिहून ठेवते.

वसतिगृहात मी मुख्य आणि ती माझी साहाय्यक. मुली मला 'सरकार' म्हणत, तिला 'विरोधी पक्ष'. मी दहाला दिवे बंद म्हटलं की ती मुलींसाठी साडेदहा मागणार. मी दंड लावला की ती माफ करून घेणार. भिंतीला भिंत लावून आमच्या खोल्या. तिच्या खोलीचं दार कायम सताड उघडं, नळ वाहता, आणि गाणी म्हणायची ती सुरात नाही.

निवृत्त होताना म्हणाली, "दोघी मिळून एक घर घेऊ या का?" मी नाही म्हटलं. मला नळ वाहता चालत नाही. ती हसली, पुतण्याकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, मग निदान त्या गुलाबीची फांदी तरी दे. दिली. "महिन्याभरात मारशील," म्हटलं. "बघू," म्हणाली.

सुरुवातीला फोन व्हायचे. मग पुतण्याचं लग्न झालं, तिच्या घरात सूनबाई आल्या; माझ्याकडे पाहुणे येत नाहीत म्हणून सांगण्यासारखं काही नसायचं. राहून गेलं.

मी धरून चालले होते की मेलं असेल.

पण खारटराव काय म्हणाले होते? 'कुणाची तरी जुनी टाकी काढली.' टाकी कधी काढतात?

३० मार्च

दुकान उघडायच्या आधीच शटरपुढे जाऊन उभी राहिले. पाटीवर घरूनच लिहून नेलं होतं: तपकिरी कुठून आली?

"मॅडम, सकाळी सकाळी! एक गृहस्थ आले होते. काकूंची टाकी काढायची म्हणाले, जागा हवी म्हणून. मीच गेलो होतो आणायला."

काकू कशा आहेत?

"काकू..." ते मिठाने पांढरे हात झाडत राहिले. "घरात तर कुणी दिसलं नाही. मी विचारलं नाही हो. फोन लावू का त्यांना?"

नको म्हणून हात हलवला. असली बातमी पोत्यांमध्ये उभं राहून ऐकायची नसते. पत्ता लिहून घेतला. ती गेली तेव्हाचाच पत्ता.

३१ मार्च, रविवार

भावाच्या फोनआधी मी एक फोन लावला. तिच्या घरचा जुना नंबर. बोलता येत नाही हे कळतं मला. पण तिने उचलला तर 'हॅलो'वरून कळेल, एवढाच हिशेब.

सूनबाईंनी उचलला. "हॅलो? कोण बोलतंय?" मी गप्प. "हॅलो?" मागे मूल रडत होतं. ठेवला.

पुन्हा लावला. पुन्हा सूनबाई. "ही कसली थट्टा आहे? लाज नाही वाटत?"

वाटते. पण काय करू! दारात उभं राहून 'मी आहे' एवढंसुद्धा म्हणता येत नाही, असं माणूस फोनवर काय करणार? उद्या जाते.

१ एप्रिल

बस, मग दुसरी बस, मग तीन जिने. शेवटच्या वळणावर थांबून पाटी छातीशी धरली. मनाशी ठरवलं होतं, दार कुणीही उघडो, चेहरा सरळ ठेवायचा.

दार उघडं होतं! सताड. आतून नळाचा आवाज, आणि कुणीतरी बेसूर गात होतं.

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले.

"कोण आहे? आत या की, दार काय खायला उठलंय?" म्हणत ती बाहेर आली. केस पांढरेशुभ्र. चष्मा नव्हता, म्हणून अगदी जवळ वाकून बघितलं. "अगंबाई! सरकार! पायरीवर?"

मी पाटी वर केली: बोलायला बंदी आहे.

"कुणी घातली? त्याचा सत्कार करायला हवा!" आणि हसत सुटली. "तू गप्प! अगं, मुलींनी तिकीट काढून गर्दी केली असती."

आत नेलं. तिची खोली आता बाळाची झाली आहे. ती दिवाणखान्यात झोपते. गादी गुंडाळून सोफ्यामागे, कपडे दोन पिशव्यांत. टाकी होती तिथे पाळणा. "त्यांचा दोष नाही गं. जागाच किती? दुकानवाला आला त्या दिवशी मी देवळाच्या निमित्ताने बाहेर जाऊन बसले. बघवेना."

लिहिलं: तुझं पोवळं माझ्याकडे आहे.

"माझं कुठलं, तुझंच! महिन्याभरात मारशील म्हणाली होतीस. मोज आता वर्षं."

लिहिलं: तपकिरी केलंस त्याचं! बुटकं केलंस!

"विजेचं बिल बघून पुतण्या निम्मे दिवे बंद करायचा. पंप तर माझ्यासारखा, दम लागला की थांबायचा. जगलं ना पण? रंगाचं काय घेऊन बसलीस!" मग एकदम पाटी माझ्या हातातून घेतली, खाली ठेवली. "आता खरं सांग. सरकार बस बदलून विरोधकांच्या दारात येत नाही. झालंय काय?"

लिहून दिलं. तिने वाचलं. पाटी डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचली. नळ आत वाहतच होता.

मग म्हणाली, "टाकी कोण बघणार?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणीही असा विचारला नव्हता. सगळ्यांनी 'कुणी आहे का' विचारलं.

४ एप्रिल

ती आली. दोन पिशव्या. "इस्पितळातून येईपर्यंत," असं स्वतःच जाहीर केलं. मी मान डोलावली.

टाकी बघून पोट धरून हसली. "इथेही वसतिगृह! दोन खाटांमध्ये वीतभर अंतर!"

५ एप्रिल

शिकवणं सुरू. क्षार मोजायचा: नळीत पाणी, त्यात औषध थेंबाथेंबाने, निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं. ती गप्पा मारत थेंब टाकते. पुन्हा करायला लावलं. पुन्हा चुकली. पाटीवर लिहिलं: तोंड बंद!

"पुसून टाक. तुझी बंदी तुझ्यापुरती."

न्हाणीघराचा नळ रात्रभर टिपकत ठेवला. मी सकाळी दाखवला. तिने कपाळाला हात लावला. दुपारी मी न्हाणीघरात जाऊन कडी लावून उगीचच बसले. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज इतका वेळ असतो, हे विसरले होते.

बाहेर येऊन बघते, तिने टेबलावर चहाचे दोन कप ठेवले होते आणि माझी वाट बघत चहा गार केला होता.

७ एप्रिल, रविवार

भावाचा फोन तिने उचलला. "विकायची नाही! मी आहे ना! ...मी कोण? मी विरोधी पक्ष." दहा मिनिटं बोलत होती. भाऊ नंतर म्हणाला, "ताई, त्या बाई फार बोलतात गं. बरं वाटलं." मी एकदा टकटक केलं.

९ एप्रिल

तिचं तपकिरी आणि माझं गुलाबी, जोडलेलंच उचलून मोठ्या टाकीत ठेवलं. वरच्या दगडावर, उजेडात. नंबर द्यायचा प्रश्न आला. ती म्हणाली, "सात अधिक सात." मी लिहिलं, दोघींचा नंबर एकच. सात.

आज क्षार तिने पहिल्याच खेपेला बरोबर मोजला. गात गात.

१० एप्रिल

ती झोपल्यावर घर ऐकत बसायची खोड लागेल. लावून घ्यायची नाही. शनिवारी ऑपरेशन, मग पंधरवडा, मग ती पिशव्या उचलणार. बोलून दाखवलेलं तेवढंच आहे.

१२ एप्रिल

डॉक्टरीणबाईंचा फोन. उद्याच्या सूचना दिल्या: पोट रिकामं, दागिने नकोत. मग म्हणाल्या, "आणि आजपासून बंदी उठली. हवं तेवढं बोला. आता काही बिघडत नाही."

काही बिघडत नाही!

फोन ठेवला. ती स्वयंपाकघरातून, "काय म्हणतात?" मी जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. टाकीबद्दल सांगण्यासारखं सगळं लिहून झालं होतं. भावाला काय सांगायचं तेही झालं होतं. चाळीस दिवस साठवलेलं एकही वाक्य तोंडात तयार नव्हतं. घसा गंजलेल्या बिजागरीसारखा.

"राहा," म्हटलं.

ती भांडं घासत होती. "काय? ऐकू आलं नाही."

"राहा! इथेच. नंतरही."

"पुन्हा म्हण."

"बहिरी आहेस का?"

"नाही. पुन्हा म्हण."

दोन्ही वेळा ऐकू आलं होतं तिला, लबाड. नळ तसाच सोडून पदराने डोळे पुसत होती. मग संध्याकाळपर्यंत बोलले. काय काय, ते लिहीत नाही. बोलले, तेवढं पुरे. शेवटी दोघी टाकीपुढे गेलो आणि मी हजेरी घेतली, मोठ्याने. प्रत्येक नंबराला ती मागून म्हणत होती, "हजर, बाई!"

१३ एप्रिल

भाऊ खाली गाडी घेऊन उभा. निघण्यापूर्वीची नोंद.

सुपूर्द केलं: मोठी टाकी, चालू स्थितीत, पाणी उत्तम. छोटी टाकी. मिठाचं एक पोतं, फोडलेलं. भिंग. दाराच्या किल्ल्या, दोन्ही.

माझ्याजवळ किल्ली ठेवलेली नाही. परत आले की बेल वाजवायची.